सिंहाचे पाय पाण्यात

आमच्या घरात महोगनीचं एक कपाट आहे. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करतो आणि मी मान तिरकी करून असा हसतो, की जणू आमच्या सात पिढ्या महोगनीच्या सावलीत वाढल्या. खरी गोष्ट अशी की पंचविशी उलटेपर्यंत मला लाकडाच्या दोनच जाती ठाऊक होत्या, एक जळणाचं आणि दुसरं दारा-खिडक्यांचं. साताऱ्याकडच्या आमच्या घरात कपाट नव्हतंच. भिंतीत कोनाडे होते, आणि जे कोनाड्यात मावत नाही त्याची माणसाला गरज नसते, असं वडिलांचं मत होतं. वडील शहाणे होते. मी शिकलेला होतो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि मी तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून चिकटलो. तेव्हाची पिंपरी म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला कारखाना, दुसऱ्या अंगाला सिंधी निर्वासितांची छावणी आणि उरलेल्या जागेत ज्वारी. लग्न झालं ते चऱ्होलीच्या एका शेतकरी घरातल्या मुलीशी. बिऱ्हाड केलं चिंचवडगावात, भाड्याच्या एका खोलीत. त्या खोलीला इतकी ओल होती, की भिंतीला टेकून उठलं की अर्धी भिंत सदऱ्याला लागून यायची. पहिल्याच पावसाळ्यात बायको तापाने पडली. ताप गेला तर खोकला राहिला, आणि त्यातच दिवस गेले. सासरे तिला बाळंतपणासाठी न्यायला आले तेव्हा त्यांनी आधी भिंतीवर तळहात ठेवला, मग तो बघितला आणि धोतराला पुसला.

"पावणं, लेक न्हेतो," ते म्हणाले. "पर नीट घर झाल्याबिगर परत धाडायचो न्हाई."

ते आवाज चढवून बोलले असते तर मीही काहीतरी बोललो असतो; मला राग लवकर येतो. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, पावसाचं काही खरं नाही असं सांगावं तसं. त्यामुळे ते मला फार लागलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. त्या दिवशीही मामांनी आमच्याकडे पाणी घेतलं नाही, पण त्याचा आणि ओलीचा संबंध नव्हता. लेकीला मुलगा होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती. ते चऱ्होलीहून बैलगाडी हाकत उन्हातान्हात यायचे. मी भरलेला तांब्या पुढे धरायचा, ते त्याला हात लावून हात छातीशी न्यायचे, आणि तांब्या जसाच्या तसा आत जायचा. कोरड्या घशाने पाऊस, बैल, भाऊबंद सगळं बोलून ते कोरड्या घशानेच परत निघायचे.

आम्हाला मुलगी झाली. बारशाला गेलो तेव्हा बायकोची एक आत्या म्हणाली, की म्हातारा आता अजून दोन-तीन वर्षं तहानलेलाच राहणार. सगळे हसले. बायको हसली नाही. मुलीने माझं बोट मुठीत धरलं होतं, ते सोडवून घेऊन मी पिंपरीला परत आलो. वाटेत मला रडू आलं आणि धूळ गेली म्हणून मी डोळे चोळले, बरोबर कुणी नसतानाही.

नंतर थोड्याच दिवसांत मला कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, सिमेंटची जमीन, कोरड्या ठणठणीत भिंती. बाहेरच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी आणि छताला मधोमध लोखंडी कडी. पाडव्यानंतर मामा घर बघायला येणार आणि त्यांना पसंत पडलं तर लेक आणि नात धाडणार, असं ठरलं. बायकोने मला सांगून ठेवलं होतं की एक पाळणा घ्या, एक खाट घ्या आणि पाण्याला पिंप घ्या. एवढ्या तीन वस्तू. लहान मूलही विसरणार नाही अशी यादी.

त्याच सुमारास आमच्या साहेबांनी मला काही कागद घेऊन त्यांच्या बंगल्यावर बोलावलं. त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचं एक उंच कपाट होतं. सायंकाळचं ऊन तिरपं पडलं होतं आणि ते लाकूड आतून पेटल्यासारखं लाल दिसत होतं. मी बघत राहिलो. साहेब म्हणाले, "महोगनी." मी म्हणालो, "दिसतंच आहे." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. साहेब खूश झाले आणि त्यांनी मला महोगनीची निगा समजावून सांगितली. मेण आणि टर्पेंटाइन लावावं, उन्हात ठेवू नये, वर ओलं भांडं तर कधीच ठेवू नये, पॉलिशवर पांढरा डाग पडतो. मी मान हलवत होतो. बाहेर पडलो तो ठरवूनच, की नीट घर म्हणजे हे. मामांनी दारातून आत पाहावं आणि हे दिसावं. त्यांच्या तोंडून आपोआप निघेल की आता धाडतो लेक.

पुढच्या रविवारी मी खडकीला एका बंगल्याच्या लिलावाला गेलो. एक म्हातारी इंग्रज बाई सगळं विकून मायदेशी चालली होती. मी गेलो होतो खाटेसाठी, आणि खाटही होती, लोखंडी, चांगली मजबूत. पण तिच्या पलीकडे भिंतीशी ते उभं होतं. साहेबांच्या कपाटाहून वीतभर उंचच. माथ्यावर कोरलेली महिरप, काचेची दोन दारं, खाली खोल खण, खणांवर पुढे आलेला रुंद कट्टा आणि चार पायांना सिंहाचे पंजे. ते पंजे बघितले आणि माझं डोकं फिरलं. कॅम्पातला एक फर्निचरवाला बोली चढवत होता. त्याने एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं. बस्स, एवढंच केलं त्याने. मग मी जो पेटलो तो थांबलोच नाही. शेवटी तो खांदे उडवून हसला आणि गप्प बसला. मला वाटलं, जिंकलो. तो का हसला हे पाळण्याचे, खाटेचे आणि पिंपाचे सगळे पैसे मोजून दिल्यावर माझ्या लक्षात आलं.

कपाट बैलगाडीत उभं करून आणलं. दापोडीचा पूल ओलांडताना लोक थांबून बघायला लागले. एका बाईने विचारलं, रुखवत कुणाचं? गाडीवान म्हणाला, ह्या सायबांचं. वर मुलीचं नाव-गाव विचारायलाही तिने कमी केलं नाही. मी काचेच्या दारांना मागून मिठी मारून बसलो होतो, नवरदेवासारखा. कासारवाडीपर्यंत पोरं गाडीमागे धावत होती आणि खरं सांगतो, मला ते आवडत होतं.

क्वार्टरच्या दारातून कपाट आत जाईना. शेजारी बीडकडचा एक फिटर राहायचा. तो बिचारा बनियनवर धावत आला. त्यानेच माथ्यावरची महिरप सुटी निघते हे शोधून काढलं आणि निम्मा भार स्वतःच्या छातीवर घेऊन कपाट आत आणलं. मी ऊन अडवायला खिडकीवर कागद चिकटवत असताना त्याने पाणी मागितलं. मी दिलं. दोन घोट पिऊन त्याने पेला सहज कपाटाच्या कट्ट्यावर टेकवला, आणि मी अक्षरशः झडप घातली.

"अहो, पॉलिश!"

पेला ओढून घेतला आणि स्वतःच्या धोतराने ती जागा पुसत बसलो. तो घाम पुसत उभा होता. "बरं राव," एवढंच म्हणाला, कपाटाच्या आत नजर टाकली आणि यात ठेवायचं काय, असं विचारून निघून गेला. पुढे बरेच दिवस तो आमच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

त्याचा प्रश्न वाजवी होता. माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. काचेतून रिकाम्या फळ्या दिसू नयेत म्हणून मी असेल ते मांडलं. वरच्या फळीवर दोन कप, मधल्या फळीवर गजराचं घड्याळ, खालच्या फळीवर बायकोची कुंकवाची डबी आणि झाकण हरवलेली किटली. तेवढ्यावर मी इतका वेळ घालवायचो की कप डावीकडे शोभतात की उजवीकडे, यावर माझं स्वतःशी भांडण व्हायचं. कपाट मी बरोबर मधल्या भिंतीशी लावलं होतं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावं. पश्चिमेचं ऊन लाकडाला लागू नये म्हणून खिडकी कायमची बंद. आणि मी स्वतः कोपऱ्यात सतरंजी पसरून झोपायचो. हवा नसे, पण उजेड बंद असला तरी कपाटाचं तेज कमी होत नाही, असं मी मनाला समजावलं होतं.

निगा तर विचारूच नका. साहेबांचं मेण आणि टर्पेंटाइन आणायला लगेच हात पोचत नव्हता, म्हणून मी आपली अक्कल चालवली. केसांना जे चमक आणतं ते लाकडाला आणणारच, असं म्हणून सगळ्या कपाटाला खोबरेल चोळलं. दोन दिवस काय झळकलं म्हणता! तिसऱ्या दिवशी त्यावर वसाहतीतली सगळी धूळ बसली आणि मागोमाग मुंग्यांची रांग लागली. मुंग्या बघून मला वाळवीची धास्ती बसली. वसाहत शेतजमिनीवर उभी होती, मागच्या बाजूला एक वारूळही होतं. आता वसाहतीतल्या प्रत्येक घरात दुधा-तुपाचं जाळीचं कपाट असायचं आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असायचे. मी बाजारातून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, चार मोठ्या वाट्या आणल्या. एकेक पाय पहारीने उचलून सिंहाचे चारी पंजे वाट्यांत ठेवले, आणि वाट्या पाण्याने काठोकाठ भरल्या. मुंग्या थांबल्या. मी इतका खूश झालो की रोज सकाळी तोंड धुण्याआधी वाट्यांत पाणी घालायला लागलो.

पुढे मेण मिळालं. स्टोव्हवर मेण वितळवून त्यात टर्पेंटाइन घालताना भुवया भाजून घेतल्या. पण कापसाचा बोळा फिरवत गेलो तसतसा तो लाल रंग वर यायला लागला आणि मला भुवयांचं काही वाटेनासं झालं. त्या दिवसांत माझ्या अंगाला टर्पेंटाइनचा असा वास यायचा की स्टोअरमधले लोक माझ्याशी दारातून बोलत. रविवारी चऱ्होलीला गेलो तर मुलगी नाक मुरडून रडायला लागली. बायकोने विचारलं, कडी बघितली का पाळण्याची? मी म्हणालो, कडी आहे, चांगली मजबूत आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काय घेतलं ते आल्यावर बघशील, असं सांगून मी गालात हसलो. ती पाळणाच समजली असणार, कारण तिचाही चेहरा फुलला. तिचा खोकला आता पार गेला होता.

पाडवा झाला आणि मामा आले. भर दुपारी बैलगाडी दारात थांबली. मी सकाळपासून कपाट पुसत होतो. महिरपीवर कापसाचा तंतू राहू नये म्हणून स्टुलावर चढून फुंकर घालत होतो. मामा जोडे काढून आत आले, पागोटं मांडीवर घेऊन बसले. मी रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला. त्यांनी रीतीप्रमाणे हात लावला आणि हात छातीशी नेला. ओठ सुकलेले होते. तांब्या मी जवळच ठेवला आणि कपाटाच्या बाजूला असा उभा राहिलो, की बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. उठून बोटाच्या पेराने दारावर टकटक केलं.

"सागवान न्हाई," ते म्हणाले.

मी म्हणालो की ही महोगनी आहे, सागवानापेक्षा भारी, इंग्रज बाईकडून घेतली. त्यांनी बरं म्हणून मान हलवली. मग ते भिंतीशी गेले, तळहात टेकवला, तळहात बघितला. कोरडा होता. माझ्या जिवात जीव आला. पण तेवढ्यात त्यांची नजर खिडकीवर गेली.

"खिडकी का लावलिया?"

"ऊन येतं मामा. कपाटाचा रंग उडतो."

"आन पोरीला वारं कुठनं यायचं?"

 त्यांनी वर कडीकडे बघितलं. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्याचं एक टोक हातात धरलं आणि दुसरं कडीखाली झोका दिल्यासारखं हलवलं. उपरणं जाऊन कपाटाच्या काचेवर फटकन आपटलं. त्यांनी पुन्हा हलवलं. पुन्हा काच. पाळणा टांगला असता तर पहिल्याच झोक्याला मुलगी काचेवर गेली असती. मी रोज त्या कडीखाली उभा राहून कपाट पुसत होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पाळना कुठाय?" त्यांनी विचारलं.

पाळणा नाही, खाट नाही, पिंप नाही.  आता वळतील, जोडे घालतील आणि गाडी जुंपतील, असं मला स्पष्ट दिसलं. त्या क्षणी ते कपाट मला इतकं नकोसं झालं, की काचेत माझंच तोंड दिसलं त्याचाही राग आला. मी काहीतरी बोलायला लागलो, पुढच्या पगाराला घेतो, हे सगळं तुम्हाला दाखवायलाच केलं, लेकीला धाडा मामा, नाही म्हणू नका. शेवटचं वाक्य नीट बाहेर पडलंच नाही. 

मामांनी उपरणं कमरेला बांधलं. "धरा तिकडनं," ते म्हणाले. "कोपऱ्यात घिऊ."

मी माझी सतरंजी गुंडाळून बाजूला टाकली. एका बाजूने त्यांनी खांदा लावला, दुसऱ्या बाजूने मी. कपाट जागचं हललं मात्र, आणि खालून चारी वाट्या उलटल्या. पाण्याचा लोंढा खोलीभर पसरला. मामांचे पाय भिजले. त्यांनी खाली वाकून एक वाटी उचलली, आत बोट घालून वास घेतला, मग सिंहाच्या पंजाला हात लावला. पंजा फुगला होता. त्यावरचं पातळ लाकूड सालपटासारखं सुटून त्यांच्या हातात आलं. रोज सकाळी न चुकता मी ते लाकूड कुजवत होतो.

"ह्यो काय परकार?"

मी सांगितलं. खोबरेल, मुंग्या, वाळवी, वाट्या, सगळं. वर ओलं भांडं ठेवायचं नसतं, तेही सांगितलं, का ते देव जाणे. मामा ते सालपट हातात धरून ऐकत होते. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. खांदे हलायला लागले. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. ते भिजलेल्या जमिनीवर मटकन बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"वर थेंब पडू द्यायचा न्हाई," ते म्हणाले, "आन खाली चारी पाय पान्यात."

मलाही हसू आलं. दुसरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून कपाट कोपऱ्यात नेलं, तेही रेटून नाही, एकेक पंजा उचलून. मामांनी खिडकी उघडली. वारा आत आला. कडीखालची जागा मोकळी झाली आणि त्यांनी पुन्हा एकदा उपरण्याचा झोका घेऊन बघितला. ते कशालाच लागलं नाही. पाळणा आमच्याकडचा आणतो, लेकीलाही त्यातच झोपवलं होतं, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मला पहिल्यांदा कळलं नाही की हाच होकार आहे.

ते घामाने थबथबले होते. हात पुढे करून म्हणाले, "पानी द्या."

मला वाटलं, हात धुवायला हवं. मी तांब्या घेऊन दाराकडे चाललो तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, मान वर केली आणि पिऊन टाकलं. अर्धा तांब्या एका दमात. मी बघतच राहिलो. त्यांना आठवण करून द्यावी की नाही कळेना; तोंडातून निघून गेलं, "मामा, रीत..."

त्यांनी मिशा पुसल्या. "लेकीच्या घरचं न्हाई प्यालो. ह्ये नातीचं घर हाय."

उरलेलं पाणीही ते प्याले. आणि मग, बोलता बोलता, तो ओला तांब्या त्यांनी कपाटाच्या कट्ट्यावर ठेवला. ज्यावर मी महिनाभर बोळा फिरवला होता त्या जागेवर. तांब्याच्या बुडाशी पाणी जमलं होतं ते मला दिसत होतं. मी हललो नाही. मामा वैशाखात लेकीला कधी धाडायचं ते ठरवत होते, कोणत्या वारी गाडी निघेल ते सांगत होते, आणि मी त्या तांब्याकडे बघत हो हो म्हणत होतो. ते गेल्यावर मी तांब्या उचलला. लाल लाकडावर पांढरं गोल वर्तुळ उमटलं होतं.

वैशाखात गाडी दारात आली तेव्हा बायकोने मुलीला माझ्याकडे दिलं आणि आधी खिडकीशी गेली, मग कडीखाली उभी राहिली. कपाट बघून ती काही बोलली नाही. बोलायचं ते तिने पुढची तीस वर्षं पुरवून पुरवून बोललं. त्या वर्तुळाचं मात्र तिने विचारलं. मी सांगितलं. ती त्यावरून बोट फिरवत किती तरी वेळ उभी राहिली, मग पदराने डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी मी फिटरला घरी बोलावलं आणि पाणी दिलं. त्याने पिऊन होईपर्यंत पेला हातातच धरला.

एक पंजा अजून वेडावाकडा आहे. कुंकवाची डबी काचेआड जिथे होती तिथेच आहे, बाकीच्या फळ्यांवर लोणच्याच्या बरण्या आणि मुलीच्या शाळेची बक्षिसं आली. पॉलिशवाले येतात, ते वर्तुळ बघतात आणि म्हणतात, साहेब, स्पिरिटचा हात फिरवला की आत्ता जाईल. मी त्यांना सगळं कपाट करू देतो, तेवढी जागा सोडून. त्यांना चहा देतो आणि सांगतो, कप जमिनीवर ठेवा.